७७.८ की ५०? लसीच्या अभ्यासातले आकडे वाचायचे कसे

सुरंगी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीच्या ग्रुपवर परत तोच वाद झाला, की कोव्हॅक्सिन ७७.८ टक्के काम करते असं कंपनीने सांगितलं आणि दिल्लीच्या एम्सने ५० टक्के म्हटलं, म्हणजे दोघांतलं कोणीतरी नक्की खोटं बोलतंय. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, असं काही वाचलं की गप्प बसवत नाही, कारण हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात आणि ते कसे हे एकदा कळलं की उद्या फ्लू, डेंगी, कसल्याही लसीचा आकडा पेपरात आला तरी आपला आपल्याला वाचता येईल. तर थोडं सविस्तर लिहिते.

७७.८ आला तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलमधून. नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये २५,७९८ लोक घेतले, निम्म्यांना लस, निम्म्यांना लस नसलेलं इंजेक्शन, कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं आणि टोचून घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. ज्यांच्या रक्तात आधीच कोविड होऊन गेल्याची खूण होती त्यांना आणि अजून काहींना वगळून शेवटच्या हिशोबात लसवाले ८,४७१ उरले, त्यात दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटल्यावर २४ जण आजारी पडले, आणि दुसऱ्या गटातल्या ८,५०२ पैकी १०६. म्हणजे जितके पडायला हवे होते त्यातले पाऊण भागाहून जास्त पडलेच नाहीत. कोण किती दिवस नजरेखाली होता ते धरून हिशोब केला की ७७.८ येतो. पण शोधनिबंधात त्याच्या शेजारी ६५.२ ते ८६.४ असाही एक पट्टा छापलेला आहे, म्हणजे खरा आकडा बहुधा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि बातमीत तो कधीच येत नाही, खरंतर निकाल म्हणजे तो पट्टा आहे, ७७.८ हा फक्त त्याच्या आतला एक ठिपका.

आता ५०. एम्सने १५ एप्रिल ते १५ मे २०२१ मधले आपलेच २,७१४ कर्मचारी बघितले, सगळे लक्षणं आली म्हणून आरटीपीसीआर करून घेतलेले, त्यातले १,६१७ पॉझिटिव्ह. तो महिना आठवा. डेल्टा, दिल्लीत ऑक्सिजन नाही, आणि ही माणसं दिवसभर हॉस्पिटलातच. मग पॉझिटिव्ह आलेल्यांत दोन डोसवाले किती आणि निगेटिव्ह आलेल्यांत किती याची तुलना केली. उत्तर ५०, पट्टा ३३ ते ६२.

आणि गंमत नाही, खरंच लक्ष देऊन बघा, कंपनीच्या ट्रायलमध्येही फक्त डेल्टाचे पेशंट वेगळे काढले तर आकडा ६५.२ होतो आणि पट्टा ३३.१ ते ८३. दोन्ही पट्टे एकमेकांवर चांगलेच चढतात. मग खोटं कोण बोललं? व्हायरस बदलला, माणसं बदलली, संपर्क बदलला, मोजायची पद्धत बदलली. तोच आकडा आला असता तर उलट मला शंका आली असती.

खाडीकाठ:
ताई लिहिलंय छान पण मला पटलं नाही. तुमचेच आकडे घ्या. ८,५०२ मध्ये १०६ म्हणजे सव्वा टक्का. ८,४७१ मध्ये २४ म्हणजे पाव टक्का आणि थोडं वर. फरक किती, १ टक्का! म्हणजे शंभरातल्या एकाचा फायदा, आणि जाहिरात ७७.८ ची. हे लोकांना कोणी सांगितलं का? मी लसविरोधी नाही, दोन्ही डोस घेतलेत, पण आकड्याचा असा खेळ केलेला मला आवडत नाही.

सुरंगी:
खाडीकाठ, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. १ टक्का खराच आहे. पण तो १ टक्का लसीबद्दल जितकं सांगतो त्याहून जास्त त्या दोन-चार महिन्यांत तिथे आजार किती होता याबद्दल सांगतो. मे महिन्यात शाकारलेलं घर आणि न शाकारलेलं घर दोन्ही कोरडीच असतात, म्हणून शाकारण्याचा फायदा शून्य असं आपण म्हणत नाही, जुलैत बघायचं असतं. ट्रायल जितक्या कमी दिवसांची आणि आजार जितका कमी तितका हा फरक बारीक दिसणार. तीच लस, तेच ७७.८, पण वर्षभरात शंभरातले ४० आजारी पडतील अशा ठिकाणी फरक १ चा नाही, ३१ चा होईल.

तरी तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यायला हवेत. सरकारला किती डोस लागतील, माझ्या वयाला आणि माझ्या गावाला नेमका किती फायदा, हे ठरवताना टक्केवारी पुरत नाही, मुळात धोका किती तेही लागतं.

हर्णैचा डॉक्टर:
वाचतोय. एम्सची जी पद्धत आहे तिच्याबद्दल थोडं, कारण हल्ली फ्लू, कोविड सगळीकडे तीच वापरतात. तिचा मुद्दा असा की लस घेणारा माणूस आणि न घेणारा माणूस मुळात वेगळे असतात. माझ्याकडे जो दर हिवाळ्यात येऊन फ्लूची लस मागतो तोच बीपीची गोळी वेळेवर घेतो, तोच शिंक आली की दाखवायला येतो. दुसरा चार दिवस ताप अंगावर काढून तसाच बोटीवर जातो. गावातल्या सगळ्यांची तुलना केली तर पहिल्याचा आजार कागदावर येतो, दुसऱ्याचा येतच नाही, आणि मग लस घेतलेलेच जास्त आजारी दिसतात. म्हणून फक्त तपासणीला आलेले लोकच घ्यायचे, जे निगेटिव्ह आले ते तुलनेला. दोघेही दवाखान्याची पायरी चढलेले, तेवढा तरी फरक जातो.

पण त्यालाही भोकं आहेत. टेस्ट चुकली की पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्हच्या ढिगात जातो आणि लस आहे त्यापेक्षा कमी दिसते. लस न घेतलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आजार आधीच नकळत होऊन गेला असेल तर तेही थोडेफार सुरक्षित असतात, परत लस फिकी दिसते. एम्सवाल्यांनी आधी झालेले लोक वगळून पण बघितलं होतं, ५० चं ४७ झालं, म्हणजे फारसं हललं नाही. अशी उलटतपासणी स्वतःच करून छापलेली दिसली की मला त्या अभ्यासाबद्दल जास्त भरवसा वाटतो.

दर्यावर्दी:
डॉक्टर, पण एम्सच्याच पेपरमध्ये एका डोसचा आकडा उणे १ आहे ना? आमच्याकडे कोणीतरी फिरवत होतं की बघा एक डोस घेतला की उलट जास्त होतो.

हर्णैचा डॉक्टर:
उणे १, आणि पट्टा उणे ५१ ते अधिक ३३. एवढा रुंद पट्टा म्हणजे एका डोसबद्दल या आकड्यांतून काहीच ठरत नाही, ना फायदा ना तोटा. शिवाय एप्रिलपर्यंत एकच डोस घेऊन थांबलेला हॉस्पिटल कर्मचारी कोण असेल? लस १६ जानेवारीपासून सुरू होती. कोणी उशिरा सुरुवात केली, कोणी मध्ये आजारी पडला. तो गटच वेगळा.

खाडीकाठ:
बरं एक टक्क्याचं समजलं. आता दुसरं. दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांच्या आतले आजारी मोजतच नाहीत. ही चलाखी नाही का? त्या १४ दिवसांत जे आजारी पडले त्यांचं काय, ते माणसं नव्हती?

सुरंगी:
हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम विचारते आणि बहुतेक मुलं चुकतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

चिठ्ठी टाकून केलेल्या ट्रायलमध्ये १४ दिवस दोन्ही गटांतून वगळतात, लसवाल्यांतूनही आणि दुसऱ्या इंजेक्शनवाल्यांतूनही, दोघांचं घड्याळ एकाच क्षणी सुरू होतं, त्यामुळे तिथे अन्याय होत नाही. तिथे प्रश्नच वेगळा विचारलेला असतो, की शरीराने तयारी पूर्ण केल्यावर लस किती राखते. मला डोस घेतल्या दिवसापासूनचा हिशोब हवा असेल तर तो वेगळा मागायचा, पुष्कळदा पेपरच्या आत असतोही.

पण नुसत्या सरकारी नोंदीवरून केलेल्या अभ्यासात मात्र तुम्ही म्हणता ती गडबड खरोखर होऊ शकते. तिथे न घेतलेल्या माणसाला डोसची तारीखच नाही, मग त्याचं घड्याळ कधीपासून? आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही ठिकाणी डोसनंतर १४ दिवसांत आजारी पडलेल्याला सरळ 'न घेतलेले' मध्ये टाकतात. आता समजा लसीच्या जागी खारं पाणी टोचलं. पहिल्या पंधरवड्यातले सगळे आजारी न घेतलेल्यांच्या नावावर गेले तर खाऱ्या पाण्याचासुद्धा फायदा झालेला दिसेल! लसीकरण जोरात चालू असताना आणि लाट असताना तर भरपूर दिसेल. म्हणून असा अभ्यास हातात आला की मी आधी शोधते की पहिल्या १४ दिवसांतली माणसं कुठल्या रकान्यात टाकली. वेगळ्या रकान्यात असतील तर ठीक. पेपरात ते लिहिलेलंच नसेल तर मी त्या टक्केवारीवर विसंबत नाही.

दर्यावर्दी:
इस्रायलचं कोणी सांगा ना. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथे गंभीर पेशंटमधले निम्म्याहून जास्त लस घेतलेले होते ती बातमी खरी होती की खोटी? आमच्या अलिबागला त्या बातमीवरून भावाभावांत अबोला झालेला मी बघितलाय.

सुरंगी:
खरी होती. त्या महिन्याच्या मध्यावर ५१५ गंभीर पेशंट, त्यातले ३०१ पूर्ण लस घेतलेले. पण तिथे ५० वर्षांवरच्यांत ९० टक्के लोकांनी लस घेतलेली होती, तरुणांत कमी, आणि गंभीर आजार म्हाताऱ्यांनाच जास्त. म्हणजे लस घेतलेल्यांच्या गटात म्हातारी माणसं भरलेली आणि न घेतलेल्यांच्या गटात पोरं. सगळे एकत्र केले तर लसीचा फायदा ६७.५ टक्के दिसत होता. वय वेगळं काढलं तर ५० च्या खाली ९१.८ आणि ५० च्या वर ८५.२. दोन्ही भागांत आकडा मोठा आणि एकत्र केला की छोटा! वयाने केलेली ही सरमिसळ आहे. 'ॲडमिट झालेल्यांपैकी इतके टक्के लस घेतलेले' या वाक्यातून लसीबद्दल काहीही कळत नाही, गावात शंभर टक्के लोकांनी घेतली तर ॲडमिट झालेलेही शंभर टक्के घेतलेलेच असणार.

हर्णैचा डॉक्टर:
याच्या बरोबर उलटं पण होतं हो, आणि आम्ही डॉक्टर लोक त्याला जास्त फसतो कारण ते आपल्या बाजूचं असतं. अमेरिकेत सिएटलकडे ६५ वरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी बघितल्या, २००६ मध्ये छापून आलं. फ्लूची लस घेतलेल्यांत मृत्यू खूप कमी. मग त्यांनी एक सुंदर गोष्ट केली, फ्लूचा सीझन सुरू व्हायच्या आधीचे महिने वेगळे काढले. फ्लू अजून आलेलाच नाही, तरी लस घेतलेल्यांत मृत्यू ६१ टक्के कमी! जो आजार गावात नाही त्यापासून लस कशी वाचवेल? अर्थ एवढाच की जे अगदी अंथरुणाला खिळलेत, शेवटच्या दिवसांत आहेत त्यांना कोणी लस द्यायला नेतच नाही, घेणारे मुळातच धडधाकट. म्हणून फ्लूची लस म्हाताऱ्यांचे मृत्यू निम्म्याने कमी करते वगैरे जे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं त्यातला मोठा हिस्सा या फरकाचा होता. मी अजूनही माझ्या पेशंटना फ्लूची लस सांगतो, पण तो जुना आकडा सांगत नाही.

सुरंगी:
डॉक्टर, हे फार मोलाचं. त्याला जोडून पोलिओचं सांगते, कारण तिथे हाच फरक उलट्या दिशेने गेला. अमेरिकेत १९५४ साली पोलिओ लसीची अवाढव्य चाचणी झाली. चिठ्ठी टाकलेल्या भागांत लस मिळालेल्या मुलांत लाखामागे २८ जणांना पोलिओ, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत ७१. आणि ज्यांच्या आईवडिलांनी नकोच म्हटलं त्या मुलांत ४६. बघा, नाही म्हणणाऱ्यांना खोट्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा कमी झाला, दोघांनाही लस नसताना! कारण हो म्हणणारी घरं जास्त सुखवस्तू, स्वच्छ, त्यांच्या मुलांना तो विषाणू लहानपणी आईची प्रतिकारशक्ती अंगात असताना भेटतच नव्हता, मोठेपणी भेटला की जोरात धरायचा. आता विचार करा, चिठ्ठी न टाकता नुसती घेणाऱ्यांची आणि नको म्हणणाऱ्यांची तुलना केली असती तर २८ विरुद्ध ४६ मिळाले असते, फायदा ३९ टक्के. खरा ६१ च्या आसपास. एवढी चांगली लस अर्धवट ठरली असती.

हा वाद आपल्याकडे किती जुना आहे माहितीये? १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगची लस देऊन बघितली, ती तुरुंगात का, तर कैदी एकाच छपराखाली, एकच जेवण, संपर्क सारखा. आणि ग्रीनवुड आणि यूल या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये टायफॉइड आणि कॉलराच्या लसींच्या आकड्यांवर जो मोठा निबंध लिहिला त्यात हेच बजावलं, की टोचलेले आणि न टोचलेले बाकी सगळ्या बाबतीत सारखे पाहिजेत आणि रोगाशी त्यांची गाठ पडायची शक्यताही सारखी पाहिजे. शंभर वर्षांवर झाली. तरी आपण बातमीत फक्त टक्केवारी वाचतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

काजूबागवाला:
सुरंगीताई, माका एक इचारुचा आसा. आमच्या हय दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून माकडताप. पयलो केरात गावलो. काजीच्या बागेत जाणारी, पातेरो गोळा करणारी माणसां पडली. ह्या तापाची लस कर्नाटकात होती, तिचो आकडो कोण ९३ सांगता, कोण ६२. आता ती लस देणत पण नाय. मगे ती चलत होती काय नाय? आमका हो प्रश्न पुस्तकातलो नाय, डिसेंबर इलो की परत बागेत जावचाच लागता.

सुरंगी:
दादा, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

९३.५ हा १९९४ मध्ये छापलेला आकडा, दोन डोसवाल्यांचा, एका डोसचा ७९.३. नंतर कर्नाटकातल्याच २००५ ते २०१० च्या नोंदींवरून काढलेला दोन डोसचा आकडा ६२.४, पट्टा २६.१ ते ८०.८. आणि दोन डोसवर बूस्टर घेतलेल्यांचा ८२.९. यातला कुठलाही चिठ्ठी टाकून केलेल्या ट्रायलमधला नाही. आणि या आजारात हे फार जड जातं. का ते बघा. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, मुख्यतः गोचीड चावून होतो, कधी आजारी किंवा मेलेल्या माकडाला हात लागूनही. म्हणजे जंगलात कोण जातं यावर सगळं अवलंबून. लस घ्यायला कोण पुढे येईल? एक तर रोज बागेत, रानात जाणारा, कारण त्याला भीती जास्त. तसं झालं तर लस घेतलेल्यांचा संपर्कच जास्त आणि लस आहे त्यापेक्षा कमजोर दिसेल. किंवा उलट, लसीचं केंद्र गावठाणात, दिवसा, आणि रानात गेलेला माणूस संध्याकाळी येतो, त्याला मिळालीच नाही, घरात असणाऱ्यांना मिळाली. मग लस आहे त्यापेक्षा भारी दिसेल. गावोगाव यातलं काय झालं ते नोंदीत नसतं. शिवाय ही लस टोचल्यावर खूप दुखायची म्हणून लोक पुढच्या डोसला येत नसत. जो दुखत असूनही दोन आणि वर बूस्टर घ्यायला आला तो माणूस गोचीड लांब ठेवणारं तेल अंगाला लावणं, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करणं हेही पाळत असणार. मग ८२.९ मधलं लसीचं किती आणि त्याच्या काळजीचं किती?

दुसरं, एकूण लोकसंख्या. अशा अभ्यासात लस न घेतलेले किती ते बऱ्याचदा गावची लोकसंख्या वजा लस घेतलेले असं काढतात. आपल्या कोकणात हे केलं तर काय होईल! समजा (हे आकडे मी मनाने घेतेय) कागदावर गाव २,००० चं, ८०० जणांनी लस घेतली, त्यात ८ आजारी, म्हणजे १ टक्का. उरलेले १,२००, त्यात २४ आजारी, २ टक्के. लसीचा फायदा ५० टक्के. पण त्या १,२०० मधले ४०० चाकरमानी आहेत, रेशनकार्डावर नाव गावात आणि माणूस डोंबिवलीला. त्यांना गोचीड चावणार कुठून? ते काढले तर ८०० मध्ये २४, ३ टक्के, आणि फायदा ६७ टक्के. लस तीच, पेशंट तेच.

त्यामुळे 'चलत होती काय नाय' याचं माझं उत्तर, काही प्रमाणात राखत असावी असं जुने अभ्यास दाखवतात, पण किती ते या अभ्यासांतून ठामपणे काढता येत नाही, २६ ते ८१ हा पट्टाच ते सांगतोय. शिवाय लसीचा प्रत्येक बॅच सारखा ताकदवान नसेल तर ९४ सालचा आकडा २०१० च्या बाटलीला लागूच होत नाही. नवीन लसीवर काम चालू आहे. ती येईल तेव्हा तुमच्यासारख्या बागवाल्यांनी विचारायलाच हवं की जंगलात जाणारे आणि न जाणारे वेगळे मोजलेत का.

काजूबागवाला:
समाजला. चाकरमान्यांचा तर येकदम बरोबर, आमच्या वाडयेत अर्धी घरा बंद, मे आणि गणपतीत उघडतत.

हर्णैचा डॉक्टर:
जागेवरून पण फरक पडतो. बीसीजीचं उदाहरण, ब्रिटनच्या ट्रायलमध्ये ७५ टक्क्यांच्या वर फायदा, आणि आपल्या तामिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांवर लोकांत भलीमोठी ट्रायल झाली, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर फायदा जवळजवळ शून्य. चिठ्ठी टाकलेली, नीट केलेली ट्रायल. मातीतले, पाण्यातले टीबीच्या कुळातले जंतू इथे लोकांना आधीच भेटलेले असतात हे एक कारण सांगतात. बाळांना बीसीजी आपण देतो ते टीबीचा मेंदूज्वर आणि अंगभर पसरणारा टीबी यांच्यासाठी, तिथे ती उपयोगी आहे. म्हणजे कुठे आणि कशापासून, हे दोन शब्द टक्केवारीच्या आधी यायला पाहिजेत.

खाडीकाठ:
हे वाचून माझा राग थोडा दुसरीकडे वळला. पेपर लिहिणारे मर्यादा लिहितात, बातमीदार कापतात. पण एक सांगतो, लोकांचा विश्वास गेला तो आकडा बदलला म्हणून नाही, पहिल्या दिवशी आकडा पक्का म्हणून सांगितला म्हणून गेला. पट्टा तेव्हाच सांगितला असता तर पुढे ५० ऐकून कोणी बिथरलं नसतं.

सुरंगी:
शंभर टक्के सहमत.

आशाताई:
मी गुहागरकडे आशा म्हणून काम करते. सगळं नाही समजलं पण एक विचारते. तुम्ही म्हणता नोंदीत नसतं, नोंदीत नसतं. नोंद तर आम्हीच करतो. रजिस्टरमध्ये रकाना असतो लस घेतली, हो किंवा नाही. मग आम्ही काय लिहिलं तर पुढे अभ्यास करणाऱ्याला उपयोग होईल ते सांगा, रकाना नसला तरी मी समासात लिहीन.

सुरंगी:
ताई, तुमच्या हातात आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. 'हो' च्या जागी प्रत्येक डोसची तारीख लिहा, वरचा १४ दिवसांचा सगळा घोळ तारखेने सुटतो. बाटलीवरचा बॅच नंबर लिहा. माणूस गावात राहतो की मुंबईला, आणि मुंबईला असेल तर तिकडे डोस घेतला का तेही, कारण तुमच्या कागदावर तो 'नाही' असतो आणि प्रत्यक्षात त्याने घेतलेला असतो. आणि तापाचा पेशंट तपासणीत निगेटिव्ह आला तरी त्याची लसीची माहिती तेवढीच नीट घ्या, लोक पॉझिटिव्हवाल्यालाच खोदून विचारतात आणि निगेटिव्हवाल्याचा रकाना रिकामा राहतो, मग तुलना कोणाशी करणार? शक्य असेल तर कार्ड बघून लिहा, आठवणीवर नको, आजारी पडलेला माणूस जास्त आठवून सांगतो.

आशाताई:
कार्ड बघूनच लिहिते. बॅच नंबर आमच्याकडे सिस्टरकडे असतो, तो मागून घेईन. निगेटिव्हवाल्यांचं मात्र आम्ही खरंच विचारत नाही, या महिन्यापासून विचारते.